मुशीचं तेल प्यालेली जीप

भंगार हा शब्द आमच्या घरात शिवी आहे. वडील गेले, शिवी राहिली. कोल्हापुरात आमचं गॅरेज होतं. पोटासाठी वडील लोकांचे ट्रक दुरुस्त करायचे आणि जिवासाठी जुन्या गाड्या. कुणी टाकून दिलेलं ट्रॅक्टरचं धूड, कुणाच्या परड्यात कोंबड्या बसवलेली जीप, असलं काहीतरी ओढून आणायचं आणि ते धडधडायला लागेपर्यंत धड जेवायचं नाही, हा त्यांचा नाद. आजोबांचाही तोच, माझाही तोच. बाईमाणसानं हातात पाना धरला म्हणून भावकीनं नाकं मुरडली. मुरडलेली नाकं सरळ करत बसायला मला वेळ नव्हता. आता साठी उलटली, तरी सकाळी चहाच्या आधी मी वडिलांच्या ट्रॅक्टरला हँडल मारते. गल्ली त्या आवाजानं जागी होते आणि मला शिव्या घालते.

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण मी गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला जाऊन आले म्हटल्यावर जो तो विचारतो, गणपतीपुळे केलंस का, मालगुंड केलंस का, आंबे आणलेस का. काही केलं नाही आणि काही आणलं नाही. म्हणजे आणलं, पण ते आंबे नव्हेत. मी एक जीप बघायला गेले होते.

झालं असं, की एका पोरीचा फोन आला. "मावशी, मी रुखसार बोलते, रत्नागिरीवरून. आमच्या जीपच्या डॅशबोर्डखाली पितळेची पट्टी हाय. तिच्यावर तुमच्या गॅरेजचं नाव हाय." मला ती पट्टी आठवली. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ती पेट्रोल जीप वडिलांनी नुसत्या सांगाड्यावरून उभी केली होती. मी गाडी शिकले ती तिच्यावर. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ती कोकणातल्या एका होडीवाल्याला विकली. माहेरपणाला आले तर गॅरेजमधली तिची जागा रिकामी. मी तेव्हा नवऱ्याच्या घरी निघताना रडले नव्हते, त्या रिकाम्या जागेकडे बघून रडले.

"कार्ब्युरेटर गेलाय," पोरगी सांगत होती. "जुना कुठं मिळत नाय. तुमच्याकडं असला तर कुरिअरनं पाठवाल?"

"कुरिअरनं? माझा बाप वरून खाली येऊन मारेल मला," मी म्हटलं. "मीच घेऊन येते."

खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंच होतं. जीप चालू करायची, हवी म्हणून मागायची, नाही दिली तर भांडायचं, आणि तिच्यातच बसून आंबा घाट चढून घरी यायचं. पोराला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "आई, एक डबडं दारात आहे ते कमी आहे का?" मी फोन ठेवला आणि पिशवी भरली.

खाडीकडे उतरताना

एसटीचं काय सांगायचं! साखरप्यापर्यंत माझ्या पिशवीतल्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा वास येतो म्हणून शेजारीण खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती, एवढंच. हातखंब्याला उतरले. तिठ्यावर महामार्ग उकरून ठेवलेला, धुळीनं लाल झालेली माणसं, वडापाव, शहाळी, आणि त्या सगळ्यात स्कूटरवर पाय टेकून उभी असलेली विशीबाविशीची मुलगी. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली आणि नखांत काळं ऑइल. नखं बघूनच मी ओळखलं, हीच ती.

हातखंब्यापासून पुढं सडा लागतो, म्हणजे काळ्या कातळाचं उघडं पठार. त्यावर उन्हात उभं राहिलं तर चपलेतून चटका बसतो. मग एकाएकी सडा संपतो आणि रस्ता जांभ्या दगडाच्या दोन उभ्या भिंतींमधून खाडीकडे कोसळतो. याला तिथं घाटी म्हणतात. आमच्याकडे रस्ता शेताच्या कडेनं शहाण्यासारखा चालतो. इथं तो घरांच्या कौलांवरून उतरतो. एका वळणावर तर मी रुखसारची कंबर अशी धरली, की ती म्हणाली, "मावशी, श्वास घेऊ दे की गो."

घरी पोचायच्या आधी वास पोचला. कसला वास म्हणू? सुकत घातलेल्या मासळीचा वास मला माहीत आहे. हा त्याचा बाप होता. अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली जीप उभी होती आणि वास तिला येत होता. वास बाजूला सारून मी बघितलं. तीच. बोनेटवरचा तोच पोचा, गायीनं शिंग मारलेला. मी तिच्या चाकावर हात ठेवला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रुखसारचे आजोबा बाजूलाच उभे होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि माझं रडणं संपेस्तोवर खाडी बघत राहिले.

आजोबांचं नाव कासमचाचा. आयुष्य होडीवर तांडेल म्हणून गेलेलं, तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. जीप त्यांच्या वडिलांनी घेतली होती. मी विचारलं, "चाचा, हा वास कसला ओ?"

"तेल," ते म्हणाले. "मुशीच्या काळजाचं. मुशी म्हायत हाय ना, बाय? मोठ्ठी, दातवाली, शार्क म्हंतात ती. पावसाच्या आधी होड्या वर काढल्या की लाकडाला हे पाजायचं. लाकूड कुजत नाय. माझा बाप म्हनाला, होडी काय नि जीप काय, दर्याच्या काठी ऱ्हायची तर तेल प्यालीच पायजे."

मी साडीचा पदर खोचला आणि सरळ गाडीखाली आडवी झाले. टॉर्च मारला. खारा वारा लोखंड कसं खातो हे मला माहीत आहे. गोव्याहून आलेल्या गाड्यांचे पत्रे बोटानं फुटलेले मी बघितलेत. इथं सांगाडा काळाभोर, चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. आमच्या कोल्हापुरात आम्ही रंगावर रंग चढवतो आणि आतून गंज खात बसतो. बापाकडून लेकाकडे, लेकाकडून नातीकडे तेलाचा कुंचला आला होता. आता होड्या सगळ्या फायबरच्या, तेल पिणारी ही एकटीच उरलेली. मी गाडीखालूनच ओरडले, "चाचा, पाया पडते तुमच्या!"

"आधी बाहेर ये," चाचा म्हणाले. "तेल टपकतंय केसांत."

"फरक काय?"

संध्याकाळी रुखसारचे वडील आले. इरफान. कुवेतला असतो, सुट्टीवर आलेला. बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. पडवीत खुर्ची दिली, सरबत दिलं आणि मग म्हणाला, "ताई, तुमी एवढ्या लांबनं आलाव, पण ही गाडी शनवारी जातेय. भंगारवाला येतोय."

चाचा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. रुखसारनं दारातच नजर चुकवली. म्हणजे या दोघांना ठाऊक होतं आणि फोनवर पोरगी मला बोलली नव्हती.

इरफान काही राक्षस नव्हे. त्याला अंगण मोकळं हवं होतं, नवी गाडी घेणार होता. बायको, नसीम, वासानं हैराण. आणि लेकीनं दिवसभर गाडीखाली पडून राहावं हे त्याला पटत नव्हतं. "उद्या स्थळ बघायला लोक येतील. काय दाखवू, हिची नखं?" अंगणातलं जुनं जाळं, पिंपं, फुटकी वल्ही त्यानं आधीच काढून टाकली होती. उरली होती ती जीप आणि तिच्या शेजारी एक भला मोठा दगडी पाटा-वरवंटा.

"मग हा पाटा का ठेवला?" मी चिडून विचारलं. "तोही द्या की भंगारात."

"तो आमचा नाय," इरफान म्हणाला. "शेजारच्या सावंतांचा. ते मुंबैला गेले तेव्हा अब्बांकडे ठेवून गेले. अमानत हाय ती. अमानतीला हात लावायचा नाय." सावंत जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरात मिक्सर होता, त्या आधी स्वतःचा पाटा होता. पण सावंतांच्या पाट्यावर कुणी मिरचीसुद्धा वाटली नव्हती. पावसाळ्यात त्याच्यावर कापड घालायचे.

मी म्हटलं, "जीप मी घेते."

इरफानचा चेहरा उजळला. "बेस झालं! पन ताई, आपल्या चाकांवर घाटी चढून गेली पायजे. ओढून न्यायला मोठी गाडी घाटीत उतरत नाय. भंगारवाला तर हितंच कापून तुकडे नेणार. शनवारपत्तोर चढली तर तुमची, नायतर त्याची."

मला वाटलं, पोरगी खूश होईल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तो कापून नेणार, तुमी चालवत नेणार. फरक काय, मावशी? आमच्या अंगणातनं जाणारच ना?" आणि आत निघून गेली.

रात्री जेवायला सांदणं होती, वाफवलेली तांदळाची पांढरीशुभ्र, आणि खाडीतल्या कालवांचं लालभडक कालवण. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह म्हणजे मारामारी असते, ताटावर हात आडवा धरला तर बोटांवर रस्सा पडतो. इथं नसीम न विचारता, न बोलता, माझं ताट रिकामं होऊ देत नव्हती. जेवण असं, की एरवी मी बोटं चाटली असती. पण समोर रुखसार खाली मान घालून बसली होती आणि तिचा तो प्रश्न माझ्या घासाआड येत होता. अडवलं की मला राग येतो. झोपताना मी ठरवलं, चुलीत गेली पोरगी, जीप माझ्या बापाची आहे.

होडीला ब्रेक नसतो

सकाळी कार्ब्युरेटर बसवला. रुखसार बोलत नव्हती, पण मी हात पुढे करायच्या आत बरोबर तो पाना हातावर ठेवत होती. माझ्या वडिलांना मी तसाच द्यायची. हँडल तिनं मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धरलं. काय सांगू तो आवाज! चाचांनी दोन्ही हात वर केले, नसीम कपाळाला हात लावून आत गेली, आणि मी हवेत.

हवेत गेलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. मी कोल्हापूरची, जुन्या गाड्या चालवण्यात मला कोण शिकवणार! "बंदरापर्यंत एक फेरी मारून येते," म्हटलं आणि निघाले. घरापासून बंदरापर्यंत सरळ उतार. ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला, गाडी तशीच. हँडब्रेक ओढला. गाडीला पत्ताच नाही. मागून रुखसार ओरडत होती, पुढं जाळी सुकवणाऱ्या बाया पळत होत्या, मी हॉर्न शोधत होते आणि हॉर्न नव्हताच. ओहोटी होती म्हणून वाचले. जीप धक्क्याशेजारच्या उतरणीवरून खाडीच्या चिखलात घुसली आणि बोनेटपर्यंत रुतून, शांत झाली. माझ्या मांडीवर एक खेकडा आला.

चाचा काठी टेकत आले. मी ओरडले, "चाचा, ब्रेकचे ड्रम कधी उघडले होते?"

"दर साल उघडतो की," ते अभिमानानं म्हणाले. "आत पन तेल पाजतो. चांगलं चोळून."

ब्रेकच्या लायनरला, चाक धरून ठेवणाऱ्या पट्टीला! चोळून! मला हसावं की रडावं कळेना. आख्ख्या महाराष्ट्रात ही चूक दुसरं कोणी करणार नाही. उभ्या जन्मात ज्यानं होडी थांबवायला नांगर टाकला, त्याला लोखंडाचा एक तुकडा तेलाविना ठेवायचा हे कोण सांगणार? गाडी काही वर्षांपूर्वी मांडवाखाली लागल्यावरच हा प्रकार सुरू झाला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "होडीला कुठं ब्रेक असतो?" चाचा म्हणाले आणि मग त्यांचं तोंड एवढंसं झालं. "बाय, तू मेली असतीस गो."

"मी नाही मरत," मी चिखलातून म्हटलं. "आधी भरती यायच्या आत हिला काढा."

आणि मग त्या गावानं जीप काढली, होडी काढतात तशी. चाकांखाली ओंडके घातले, ओंडक्यांना तेल, पुढं दोर. मोहल्ल्यातली पोरं, भंडारवाड्यातली माणसं, जाळी टाकून आलेल्या बाया, सगळे दोराला. एकजण हाळी देतो, बाकीचे ओढतात. मी गुडघाभर चिखलात उभी राहून हाळीला हाळी देत होते. पाणी मागच्या चाकांना लागलं तेव्हा जीप वर आली होती. दोराच्या एका टोकाला इरफान होता, पँट दुमडून. भंगारात द्यायची गाडी बुडाली तर बरंच की! पण बंदरावर काही ओढायचं असलं की हात लावायचा, हे त्याच्या अंगातच होतं. मी ते लक्षात ठेवलं.

इंजिनातला चिखल धुऊन ते वाळवलं; तेलकट लायनरवर उपाय एकच, भाजणे. रुखसारनं नसीमचा माशांचा तवा पळवला आणि परसातल्या चुलीवर ठेवला. तेल धुरात निघून गेलं, घरातली मांजरं चुलीभोवती गोळा झाली. मग आम्ही दोघी पॉलिश पेपरनं लायनर घासत बसलो. घासता घासता ती एकदम म्हणाली, "मावशी, तुमच्या वडलांनी विकली तेव्हा तुमाला विचारलंवतं?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं पॉलिश पेपर उलटा केला आणि पुन्हा घासायला लागली. पण मला त्यानंतर जेवण गेलं नाही.

घाटी

शनिवारी सकाळी सगळं गाव घाटीच्या पायथ्याशी. भंगारवाला वर हातखंब्याच्या तिठ्यावर टेम्पो लावून वाट बघत होता. गाडी वर आली नाही तर कटर घेऊन खाली येणार होता. इरफान मोटारसायकलवरून वर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

मी किल्ली रुखसारच्या हातात दिली. "तू चालव."

"मी?"

"घाटी तुझी आहे. मला वळणं माहीत नाहीत. परवा काय झालं बघितलंस ना?"

चाचा तिच्या शेजारी बसले आणि मी हातात ओंडका घेऊन मागून चालायला लागले. गाडी मागं सरकली तर चाकाखाली घालायला. लोक म्हणाले, बाई, तुम्ही बसा, पोरं धावतील. मी म्हटलं, बापाची गाडी आहे, ओंडका मी धरणार. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला पाणी उकळलं, थांबलो, कुणी कळशी आणली. सगळ्यात उभ्या वळणावर इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी मागं सरकायला लागली. "ब्रेक!" मी किंचाळले. भाजलेल्या लायनरनी धरलं. मी ओंडका घातला आणि चाकाला पाठ लावून उभी राहिले.  वर चाचांचा आवाज आला, "घाबरू नको गो. लाट यायची वाट बघ, मग घाल." त्या पोरीनं इंजिनाचा आवाज चढू दिला, चढू दिला, आणि सोडलं. जांभ्याचा धुरळा माझ्या तोंडावर उडवून जीप वळण चढून गेली.

मी घाटीच्या माथ्यावरून एका पोराच्या स्कूटरवर तिठ्यावर पोचले तेव्हा इरफान हसत पुढं आला. "ताई, मानलं तुमाला. न्या गाडी. रस्ता सरळ कोल्हापूरला जातो." भंगारवाला टेम्पोला टेकून बिडी ओढत होता. इरफान लेकीला म्हणाला, "उतर गो."

रुखसार उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी ते हात बघितले. मला आमच्या गॅरेजमधला तो रिकामा कोपरा दिसला, फरशीवरच्या तेलाच्या डागासकट. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

"इरफान," मी म्हटलं, "गाडी माझी ना?"

"तुमचीच."

"ह्या सगळ्यांसमोर मोठ्यानं बोला."

"तुमची, ताई. जबान दिली."

"मग ऐका. चाचा, ही माझी जीप मी तुमच्याकडे ठेवून चाललेय. अमानत."

 चाचा सीटवर सरळ झाले, होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, उभे राहावेत तसे. "अमानत म्हंजे अमानत," ते म्हणाले. "ठेवली. सावंतांच्या पाट्याशेजारी ऱ्हाईल. आनी इरफान, परक्याच्या वस्तूला गंज चढला तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू? तेल पाजायला पोर लागेल मला. दर साल."

इरफाननं कपाळावर हात मारला. "ताई, फसवलंव तुमी."

"होय, फसवलं! तुम्हीच म्हणालात ना, अमानतीला हात लावायचा नाही? आता लावून दाखवा."

तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्यानं मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "ब्रेकला तेल लावू नका म्हंजे झालं." भंगारवाल्यानं विचारलं, मग माझं काय? मी म्हटलं, तुम्ही चहा प्या. रुखसारनं गिअर टाकला, तिठ्यावर जीप वळवली आणि वळवताना एक हात बाहेर काढून माझा खांदा असा दाबला, की तेलाचा डाग ब्लाउजवरून अजून गेलेला नाही.

मी एसटीनं परत आले. मांडीवर चाचांनी दिलेला तेलाचा कॅन. कंडक्टर म्हणाला, हे काय मेलंय? मी म्हटलं, औषध आहे. त्यानं मला मागच्या सीटवर बसवलं आणि आंबा घाटभर ती सीट माझी एकटीची होती.

परवा वडिलांचा ट्रॅक्टर धुतला, वाळवला आणि सगळ्या सांगाड्याला मुशीचं तेल पाजलं. ब्रेक सोडून. गल्लीत हाहाकार झाला. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, कोपऱ्यावरचे दोघं-तिघं नाकाला रुमाल लावून दारात आले आणि म्हणाले, "बाई, आता तरी ते भंगारात काढा."

मी कुंचला हातातच ठेवला. म्हटलं, "वास येतोय ना? येऊ दे. पुढल्या मे महिन्यात परत लावणार आहे."